१९६९ च्या शेव्हेल मालिबूसाठी चाके आणि टायर : १४ इंचीच ठेवावीत, १५ घ्यावीत की थेट १७?

वुडवर्डचा वाटसरू (ट्रॉय, मिशिगन)

नमस्कार मंडळी.

गेल्या सप्टेंबरात मी १९६९ ची शेव्हरोले शेव्हेल मालिबू घेतली. दोन दारांची हार्डटॉप, ३५० घनइंची व्ही-८ इंजिन आणि टर्बो-हायड्रामॅटिक ३५० हा तीन गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, अशी ही गाडी आहे. आधीच्या मालकाने इंजिन आणि रंगकाम मन लावून केलेले आहे; पुढचे ड्रम ब्रेक काढून त्याने ११ इंची डिस्क ब्रेकही बसवले आहेत. चाकांना मात्र त्याने हात लावलेला दिसत नाही. गाडीवर सध्या १४ इंची पोलादी चाके, त्यांवर क्रोमच्या टोप्या आणि २०५/७५ आर १४ मापाचे टायर आहेत. टायर अजून गोटा झालेले नाहीत, नक्षी चांगली खोल आहे. पण बाजूवर ठोकलेल्या संकेताचे शेवटचे चार आकडे २३०७ असे आहेत, म्हणजे २००७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात ते तयार झाले.

माझ्यासमोर तीन वाटा आहेत. पहिली, १४ इंचीच ठेवून एसएस (सुपर स्पोर्ट) गाड्यांवर येत तशी पाच आऱ्यांची चाके घ्यावीत. दुसरी, १५ इंची रॅली चाके (शेव्हरोलेच्याच पद्धतीची पोलादी चाके) घ्यावीत. तिसरी, टॉर्क थ्रस्ट पद्धतीची १७ इंची अ‍ॅल्युमिनियमची चाके घ्यावीत. शर्यतीचा विचार नाही. शनिवार-रविवारी सहकुटुंब शंभर-दीडशे मैलांची फेरी आणि ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवर भरणारा, १९९५ पासून चालत आलेला जुन्या गाड्यांचा ड्रीम क्रूझ मेळावा, एवढाच वापर आहे. गाडी मागून किंचित उचललेली दिसावी अशी फार इच्छा आहे. निर्णय होईपर्यंत हा उन्हाळा जुन्याच टायरवर काढता येईल का, हेही कृपया सांगावे.

मूळरूप (नेपरव्हिल, इलिनॉय)

गाडीचे अभिनंदन. माझ्याकडे त्याच वर्षाची शेव्हेल आहे, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो.

१९६९ मध्ये ‘एसएस ३९६’ हे वेगळे मॉडेल नव्हते. झेड-२५ या संकेताचा तो एक पर्याय होता. त्यात ३९६ घनइंची इंजिनासोबत १४ बाय ७ मापाची पाच आऱ्यांची चाके आणि एफ ७०-१४ टायर येत. गाडीच्या ओळख क्रमांकावरून ती एसएस आहे की नाही हे त्या वर्षी कळत नाही, त्यामुळे साध्या मालिबूला एसएसचा साज चढवून विकलेल्या गाड्या आज बाजारात भरपूर आहेत. आपली गाडी अस्सल मालिबू आहे आणि तेच तिचे मोल आहे. त्या पाच आऱ्यांच्या चाकांमुळे ती जे नाही ते असल्याचा भास होईल, आणि उद्या ती विकायची झाली तर प्रत्येक ग्राहकाला आपल्याला आधी खुलासा करावा लागेल.

माझे मत असे, की आहेत तीच पोलादी चाके वाळूच्या फवाऱ्याने साफ करून रंगवून घ्यावीत, टोप्या ठेवाव्यात आणि २१५/७० किंवा २२५/७० आर १४ टायर बसवावेत. एफ ७०-१४ ला आज जवळची मापे हीच आहेत. लाल रेघेचे, जुन्या बायस-प्लाय (आतले धागे तिरके असलेल्या) बांधणीचे टायर हवे असतील तर टेनेसीतील चॅटनूगाची कोकर टायर ही कंपनी तसे पुनर्निर्मित टायर विकते. ते दिसायला अप्रतिम असतात. पण बायस-प्लाय टायर रस्त्यावरच्या खाचांच्या मागे धावतो, स्टिअरिंग सतत सावरत राहावे लागते, आणि मुलाबाळांसह शंभर मैल जायचे असेल तर मी रेडियलच (आतले धागे आडवे असलेले, आजचे नेहमीचे टायर) घेण्यास सांगेन.

चौथा गिअर (सॅन होजे, कॅलिफोर्निया)

मी १७ इंचीच्या बाजूने लिहिते आहे, कारण हा बदल मी स्वतः केला आणि त्याचा मला एकदाही पश्चात्ताप झालेला नाही.

माझ्याकडे १९६७ ची मस्टँग आहे. तिच्या चाकांचे पाच बोल्ट साडेचार इंची वर्तुळावर असतात, त्यामुळे माझी चाके आपल्या कामाची नाहीत. पण प्रश्न सारखाच होता. सांताक्रूझच्या डोंगरातल्या वळणांवर जुने १४ इंची टायर इतके कलत असत की स्टिअरिंग वळवल्यानंतर गाडी वळायला एक क्षण उशीर करत असे. टायरची बाजू उंच असली की ती आधी वाकते आणि मग गाडी वळते. १७ इंची चाकांवर ४५ किंवा ५० च्या मालिकेचा (बाजूची उंची रुंदीच्या ४५ किंवा ५० टक्के असलेला) टायर येतो, त्याची बाजू बुटकी असते आणि गाडी हाताबरोबर वळते.

दुसरे असे, की आजचे चांगले रबर मोठ्या मापांतच मिळते. १४ आणि १५ इंचीत पांढऱ्या अक्षरांचे जे टायर मिळतात, त्यांतला सर्वांच्या परिचयाचा बीएफ गुडरिच रेडियल टी/ए एस गतिश्रेणीचा आहे, म्हणजे ताशी १८० किलोमीटरसाठी प्रमाणित. कूपर कोब्रा टी श्रेणीचा, म्हणजे ताशी १९० किलोमीटरचा. आपण कोणीही त्या वेगाने जाणार नाही हे मान्य. तरी हे टायर मुख्यतः दिसण्यासाठी बनतात, तर १७ इंचीत ओल्या रस्त्यावर घट्ट थांबणारे आधुनिक टायर हवे तेवढे मिळतात. पुढेमागे १३ इंची डिस्क बसवायची झाल्यास १५ इंची चाक त्यांवर बसणारच नाही. ब्रेकचा शेवटचा भार टायरवरच येतो, हे कृपया लक्षात घ्यावे.

मिलिमीटर (कोलंबस, ओहायो)

तिन्ही बाजूंत तथ्य आहे, परंतु चर्चा चाकाच्या दिसण्यापासून सुरू झाली आहे आणि मला ती उलट्या टोकाने करावीशी वाटते. आधी टायरचा बाहेरचा व्यास ठरवावा, मग त्याची रुंदी, मग रिमची रुंदी, मग बॅकस्पेसिंग आणि अगदी शेवटी आऱ्यांची नक्षी. या क्रमाने गेले की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

बाहेरचा व्यास काढणे सोपे आहे. २३५/६० आर १५ मध्ये २३५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ६० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १४१ मिलिमीटर. वर-खाली मिळून २८२, त्यात १५ इंचांचे ३८१ मिळवले की ६६३ मिलिमीटर, म्हणजे २६.१ इंच. आपले सध्याचे २०५/७५ आर १४ हेही नेमके २६.१ इंचच भरतात. याच रीतीने २५५/६० आर १५ चा व्यास २७ इंच आणि २७५/६० आर १५ चा २८ इंच येतो. १७ इंचीत २४५/४५ चा व्यास २५.७ आणि २५५/५० चा २७ इंच होतो.

आता बसण्याचा प्रश्न. शेव्हेलचे पाच बोल्ट पावणेपाच इंची वर्तुळावर असतात, म्हणजे १२०.६५ मिलिमीटर. बीएमडब्ल्यूची अनेक चाके १२० मिलिमीटरवर असतात आणि हाताने ढकलली की ती बसल्यासारखी वाटतात. पण त्या ०.६५ मिलिमीटरच्या फरकामुळे नट तिरके दाबले जातात, तेव्हा असे चाक कोणी फुकट दिले तरी घेऊ नये.

बॅकस्पेसिंग म्हणजे चाकाची जी बाजू हबला (चाक ज्यावर बोल्टांनी बसते त्या भागाला) टेकते, तिथपासून रिमच्या आतल्या कडेपर्यंतचे अंतर. चाक पालथे ठेवून मागच्या कडांवर एक सरळ पट्टी आडवी टाकावी आणि पट्टीपासून बोल्टच्या बैठकीपर्यंत मोजावे. इथे सगळ्यांची एक चूक होते. ८ इंची रिम बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत सुमारे ९ इंच भरते, कारण ८ इंच हे माप टायर जिथे बसतो तिथले असते. म्हणून ८ इंची रिमला साडेचार इंच बॅकस्पेसिंग असेल तर ते चाक बरोबर मध्यावर, म्हणजे शून्य ऑफसेटवर येते. ७ इंची रिमला सव्वाचार इंच असेल तर चाक पाव इंच आत जाते.

वाटसरू, आपण एक काम करावे अशी विनंती आहे. प्रत्येक चाक उतरवून, जॅक चासीखाली न लावता मागे अ‍ॅक्सलखाली आणि पुढे खालच्या कंट्रोल आर्मखाली लावून, गाडीचा भार स्प्रिंगवर असताना मापे घ्यावीत. चासी उचलली तर चाक खाली लोंबते आणि मापे खोटी येतात. मागे ड्रमच्या पृष्ठभागापासून आतल्या पहिल्या अडथळ्यापर्यंत आणि बाहेर मडगार्डच्या दुमडलेल्या पत्र्यापर्यंत, दोन्ही बाजूंना स्वतंत्र. डाव्या बाजूचे माप उजवीकडे गृहीत धरू नये. या गाड्यांची बॉडी चासीवर अगदी मध्यभागी बसलेली क्वचितच असते. पुढची चाके उतरवाल तेव्हा रिमची आतली बाजूही उजेडात धरून पाहावी.

रबर आणि रस्ता (इंडियानापोलिस)

मी फक्त जुन्या टायरच्या प्रश्नाचे उत्तर देतो. नाही. एक मैलही नाही.

माझ्याकडे १९७० ची प्लिमथ आहे. चार वर्षांपूर्वी मी तिला चार नवे टायर घेतले, असे मला वाटले. दुकानात गुंडाळलेले, लेबल लावलेले टायर होते, मी संकेत वाचला नाही आणि दुकानदारानेही सांगितले नाही. दोन उन्हाळ्यांनंतर आय-६५ महामार्गावर ताशी ६५ मैलांच्या वेगात मागचा डावा टायर आधी थरथरू लागला, कुणीतरी खालून दार ठोठावत असल्यासारखा आवाज येऊ लागला, आणि मी कडेला घेईपर्यंत नक्षीचा पूर्ण पट्टा पोलादी तारांसकट सुटला. टायरमधली हवा गेली नव्हती. पण त्या सुटलेल्या पट्ट्याने प्रत्येक फेऱ्याला मडगार्डवर आघात करत पत्रा वर दुमडला, रंगाचे पापुद्रे काढले आणि धुराड्याचा हँगर तोडला. नंतर संकेत पाहिला तर मी विकत घेतले त्या दिवशीच ते टायर नऊ वर्षांचे होते. नक्षी जवळजवळ नवी होती.

रबर आतून वाळते आणि ते बाहेरून दिसत नाही. टायर बनवणाऱ्या अनेक कंपन्या स्वतःच दहा वर्षांनंतर टायर काढून टाकण्यास सांगतात, मग नक्षी कितीही उरलेली असो. आपले टायर त्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे गेलेले आहेत. आपण सहकुटुंब जाणार आहात, म्हणून इतके निक्षून लिहितो. नवे टायर घेताना पैसे देण्याआधी चारही टायरचे संकेत स्वतः वाचावेत. संकेत बहुधा एकाच बाजूवर पूर्ण असतो, तेव्हा पांढरी अक्षरे बाहेर ठेवली की तो आत जाऊ शकतो. बसवण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवावा.

जाता जाता, हा धागा वाचणाऱ्या डॉज-प्लिमथवाल्यांसाठी : क्रायस्लरच्या १९७० च्या सुमारापर्यंतच्या गाड्यांत डाव्या बाजूच्या स्टडचे (ज्या बोल्टांवर चाकाचे नट बसतात त्यांचे) आटे उलटे असतात. चाके उतरवण्याआधी स्टडच्या टोकावर इंग्रजी ‘एल’ अक्षर आहे का पाहावे, नाहीतर सोडवतो आहोत असे समजून आपण तो आवळून तोडतो.

जुनी शेव्ही (दादर, मुंबई)

चर्चा अमेरिकेतली असली तरी पावणेपाच इंची वर्तुळ वाचून राहवले नाही. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला होता, तो १९५४ पर्यंत चालला. माझ्या आजोबांची १९५१ ची शेव्हरोले अजून आमच्याकडे आहे आणि तिच्या चाकांचे पाच बोल्टही नेमके याच वर्तुळावर आहेत. हे वर्तुळ शेव्हरोलेने १९४९ पासून धरले आणि आपल्या १९६९ च्या गाडीपर्यंत ते तसेच आले, याचा मला आज फार आनंद झाला.

पण त्यातूनच मी एक चूक केली ती सांगतो. बोल्ट जुळतात म्हणून मी सत्तरच्या दशकातल्या गाडीची ७ इंची रुंद रिम मिळवली आणि आमच्या गाडीवर चढवली. मूळ टायर ६.७०-१५ मापाचे, म्हणजे अरुंद आणि उंच. रुंद रिमवरचा टायर मागच्या मडगार्डच्या आतल्या कडेला टेकला आणि माटुंग्याच्या एका साध्या खड्ड्यात पत्रा कापत गेला. बोल्ट जुळणे ही केवळ पहिली अट आहे, हे मिलिमीटर यांचे म्हणणे मी अनुभवाने सांगू शकतो.

वुडवर्डचा वाटसरू

सर्वांचे मनापासून आभार. रबर आणि रस्ता, आपला अनुभव वाचल्यानंतर मी गाडी गॅरेजमधून बाहेर काढलेलीच नाही.

शनिवारी सकाळपासून मापे घेतली. पुढचे डावे चाक उतरवून उजेडात धरले तेव्हा रिमच्या आत, पूर्ण वर्तुळभर, बोटाएवढ्या रुंदीचा एक चकचकीत पट्टा दिसला. तिथला रंग आणि गंज दोन्ही घासून गेलेले आहेत, आणि ब्रेक कॅलिपरच्या (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या भागाच्या) वरच्या कोपऱ्यावरही तशीच चमक आहे. उजवीकडे पट्टा फिका आहे, पण आहे. म्हणजे ड्रम ब्रेकसाठी बनलेली ही चाके डिस्कवर चढवली गेली होती आणि गाडी चालताना ती कॅलिपरला घासत होती. मी हिवाळ्यापूर्वी जो बारीक किरकिर आवाज ऐकत होतो आणि बेअरिंगचा समजत होतो, तो हाच.

मागे ड्रमच्या पृष्ठभागापासून बाहेर मडगार्डच्या दुमडीपर्यंत डावीकडे ६⅛ इंच आणि उजवीकडे ५¾ इंच भरतात. आतल्या बाजूला दोन्हीकडे सहा इंचांहून थोडी अधिक जागा आहे. पुढे डिस्कच्या संचामुळे हबची बाजू बाहेर सरकली असावी असे वाटते. शेजारच्या गृहस्थांकडे मूळ ड्रम ब्रेकची १९६८ ची शेव्हेल आहे, तिच्याशी ताडून पाहिले तर माझी बैठक प्रत्येक बाजूला सुमारे ⅜ इंच बाहेर आहे.

फ्रिजच्या खोक्याच्या जाड पुठ्ठ्यातून २६ इंच व्यासाची चकती कापली, तिच्या कडेला दहा इंच रुंदीची पट्टी चिकटवली आणि ती हबवर नटांनी बसवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवले. पूर्ण वळणावर पट्टीची बाहेरची कड मडगार्डच्या खालच्या मागच्या कोपऱ्याला टेकते. तिथे पुठ्ठ्यावर निळ्या रंगाची रेघ उमटली. मुलगी विचारत होती की गाडीला पुठ्ठ्याची चाके का लावली आहेत. तिला बॅकस्पेसिंग समजावताना मलाही ते नीट समजले.

मिलिमीटर

इतक्या काळजीने घेतलेली मापे क्वचित वाचायला मिळतात. यातून बरेच काही आपोआप ठरते.

मागचे आधी पाहू. ८ इंची रिमवर २७५/६० आर १५ टायर प्रत्यक्षात सुमारे ११ इंच रुंद भरतो. शून्य ऑफसेटवर त्याचे साडेपाच इंच बाहेर येतील. आपल्या उजव्या बाजूला ५¾ इंच आहेत, म्हणजे फक्त पाव इंच, ६ मिलिमीटर, उरतात. वळणावर टायरची बाजू तेवढी सहज सरकते. पुष्कळ शेव्हेलवर हे माप बसलेले आपण पाहाल, कारण त्यांनी पत्र्याची दुमड आत वळवून घेतलेली असते किंवा त्यांची बॉडी त्या बाजूला नशिबाने रुंद असते. आपल्या ताज्या रंगकामावर तो प्रयोग मी करणार नाही. २५५/६० टायर त्याच रिमवर सव्वादहा इंचांच्या आसपास भरतो. त्याला उजवीकडे साधारण १५ मिलिमीटर मोकळे राहतात. हेच माप घ्यावे. बॅकस्पेसिंग साडेचार इंच.

पुढे आपली बैठक ⅜ इंच बाहेर आलेली असल्यामुळे चार इंच बॅकस्पेसिंगचे ७ इंची चाक घेऊ नये. पुनर्निर्मित १५ बाय ७ रॅली चाके सव्वाचार इंच बॅकस्पेसिंगची मिळतात, त्यामुळे पाव इंच परत आत येतो. त्यावर २३५/६० बसवता येईल. तो सुमारे साडेनऊ इंच भरतो, म्हणजे आपल्या दहा इंची पट्टीपेक्षा अर्धा इंच अरुंद. पूर्ण वळणावर तो कोपरा चुकवेल असा माझा हिशेब आहे, पण ऑर्डर देण्याआधी पट्टी साडेनऊ इंचांची करून, हबकडून पाव इंच आत सरकवून पुन्हा फिरवून पाहावी.

चौथा गिअर यांचा मुद्दा मला मान्य आहे आणि रस्ता सतत वळणांचा असता तर मीही १७ इंचीच सुचवले असते. परंतु मिशिगनचे रस्ते हिवाळ्यानंतर कसे उखडलेले असतात हे वाटसरूंना माहीत आहे. बुटक्या बाजूचा टायर खड्ड्याचा आघात थेट रिमकडे देतो. शिवाय या वापरात, या स्प्रिंगांवर आणि या स्टिअरिंग बॉक्सवर १७ इंची टायरचा पूर्ण उपयोग होणार नाही.

मागचा टायर उंच घेतल्याने गाडीला जी उचल हवी आहे ती मिळेलच, पण गिअरिंगवरही परिणाम होईल. मागच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तर ३.३६ असेल तर ताशी ७० मैलांना २६.१ इंची टायरवर इंजिन मिनिटाला सुमारे ३,०३० फेरे घेते, २७ इंचीवर २,९२० आणि २८ इंचीवर २,८२०. महामार्गावर इंजिन थोडे निवांत चालेल. वेग पकडण्याचा जोर नखभर कमी होईल. स्पीडोमीटर गिअरबॉक्समधून केबलने चालतो, म्हणून तो साडेतीन टक्के कमी दाखवील. गिअरबॉक्सच्या कडेला प्लॅस्टिकचे छोटे दातेरी चाक असते, ते एक-दोन कमी दातांचे बसवले की दुरुस्त होते.

टायर बसल्यावर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) जुन्या पुस्तकातल्या आकड्यांवर करून घेऊ नये, ही माझी सर्वांत आग्रहाची सूचना आहे. ते आकडे बायस-प्लाय टायरसाठी होते आणि त्यांत कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा पुढे-मागे कल) शून्याच्या आसपास किंवा उणे असे. रेडियलवर तशी गाडी महामार्गावर भटकते आणि वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून सरळ होत नाही. वरच्या कंट्रोल आर्मच्या शाफ्टमागे पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) असतात, त्यांची जागा बदलून कॅस्टर अधिक ३ अंशांपर्यंत नेता आला तर न्यावा. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) उणे अर्धा अंश आणि टो-इन (चाके पुढून आत वळलेली असणे) ⅛ इंचापेक्षा कमी ठेवावा. पॉवर स्टिअरिंग असल्यास हात जड होणार नाहीत. हवेचेही तसेच आहे. त्या काळी २४ पौंडांच्या आसपास हवा सांगत. रेडियलमध्ये ३० ते ३२ पौंडांपासून सुरुवात करावी.

मूळरूप

रिममधल्या त्या घासलेल्या पट्ट्यानंतर मी माझा सल्ला मागे घेतो. जी चाके कॅलिपरला टेकतात ती रंगवून परत चढवण्यात अर्थ नाही. रॅली चाक १९६७ मध्ये आले आणि शेव्हरोलेच्या त्या काळच्या अनेक गाड्यांवर पर्याय म्हणून मिळत असे. मालिबूवर ते परके दिसत नाही आणि एसएसचा आवही आणत नाही. १५ बाय ८ हे माप आपल्या गाडीवर कारखान्यातून आलेले नसले, तरी डोळ्यांना ते खटकणार नाही.

एकच विनंती आहे. जुनी पोलादी चाके टाकून देऊ नयेत. व्हॉल्व्हच्या भोकाजवळ त्यांवर ठोकलेला संकेत असतो, तो टिपून ठेवावा, पातळ तेलाचा हात फिरवून चाके कोरड्या जागी ठेवावीत. टोप्या वर्तमानपत्रात गुंडाळाव्यात, प्लॅस्टिकमध्ये नको. आत ओल धरते आणि क्रोमवर ठिपके उठतात.

चौथा गिअर

खड्ड्यांचा मुद्दा मान्य. मग नटांविषयी लिहिते, कारण तिथे फार दुर्लक्ष होते. आपल्या स्टडचा व्यास ७/१६ इंच, इंचाला २० आटे. नट किमान स्टडच्या व्यासाइतका आत गेला पाहिजे, म्हणजे हाताने फिरवताना निदान नऊ पूर्ण फेरे मोजता आले पाहिजेत. पोलादी रॅली चाकाला ६० अंशांच्या निमुळत्या बैठकीचे नट लागतात. अ‍ॅल्युमिनियमच्या काही चाकांना वॉशर असलेले लांब मानेचे नट लागतात, आणि एकाचे नट दुसऱ्याला लावले तर चाक घट्ट वाटते पण बसलेले नसते. हवेच्या बंदुकीने आवळू देऊ नये. टॉर्क रेंचने ६५ ते ७५ फूट-पौंड, ताऱ्याच्या आकृतीप्रमाणे एक सोडून एक, आणि पन्नास मैलांनंतर पुन्हा एकदा.

वुडवर्डचा वाटसरू

काम पूर्ण झाले, म्हणून सविस्तर कळवतो आहे.

साडेनऊ इंचांची पट्टी आत सरकवून पुन्हा फिरवली. ती मडगार्डच्या कोपऱ्यापासून करंगळी जाईल इतक्या अंतरावरून गेली. त्यानंतर पुढे १५ बाय ७ आणि मागे १५ बाय ८ अशी रॅली चाके मागवली. टायर २३५/६० आणि २५५/६०, पांढऱ्या अक्षरांचे. दुकानात पहिल्यांदा जे चार टायर काढले त्यांतले दोन सहा वर्षांपूर्वीचे निघाले. मी संकेत दाखवला, तेव्हा त्यांनी काही न बोलता आतून दुसरे दोन आणले. आता चारही एकाच वर्षाचे आहेत आणि फोटो गाडीच्या फायलीत लावले आहेत.

पुढची चाके चढवण्याआधी कॅलिपर आणि रिम यांच्या मध्ये मातीच्या छोट्या गोळ्या चिकटवल्या आणि चाक हाताने फिरवून पुन्हा उतरवले. सगळ्यांत पातळ दाबली गेलेली गोळी ५ मिलिमीटर जाडीची भरली. किरकिर थांबली आहे. अलाइनमेंट करणाऱ्या कारागिराने सुरुवातीला पुस्तकातलेच आकडे लावायचे म्हटले, पण कारण समजावल्यावर त्याने शिम बदलून डावीकडे २.८ आणि उजवीकडे ३.१ अंश कॅस्टर काढून दिला. मिलिमीटर, याचा फरक शब्दांत सांगणे कठीण आहे. पूर्वी महामार्गावर मी दोन्ही हातांनी गाडी धरून ठेवत होतो. काल फ्लिंटपर्यंत जाऊन आलो तेव्हा ती स्वतःहून सरळ चालत होती. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा फोनवर ६२ दिसतात, म्हणजे आपला हिशेब अचूक आहे. ते दातेरी चाक हिवाळ्यात बदलीन.

मागून गाडी अर्ध्या इंचाच्या आसपास उचलली गेली आहे. रस्त्याच्या पलीकडे उभे राहून पाहिले तर एवढ्यानेही ती पुढे झुकून उभी असल्यासारखी दिसते, आणि मला हवे होते ते हेच.

पन्नास मैलांनंतर वीसही नट पुन्हा तपासले. मागच्या उजव्या चाकाचा एक नट पाव फेरा फिरला, बाकी सगळे जागेवर होते. तोच नट आणखी पन्नास मैलांनंतर पुन्हा पाहिला. आता तो हलत नाही.